सनदेचं मोर्तब आणि मोबाईलमधला पुरावा

सिल्वासा–नरोली रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी अथाल हे गाव आहे. आज तिथे कारखाने आहेत, नव्या वस्त्या आहेत आणि दिवसभर गाड्यांची ये-जा चालू असते. पण अथालसकट नगर हवेलीतली गावं एकेकाळी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर कागदांच्या रूपाने उभी राहिली होती, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असतं. २ ऑगस्ट १९५४ चा मुक्तिदिन आपण दरवर्षी साजरा करतो. त्यावर पुस्तकं आहेत, आठवणी आहेत. १२ एप्रिल १९६० चा निकाल मात्र कपाटात पडून आहे. त्यात लढाई नाही, घोषणा नाहीत, सगळा कागदांचाच व्यवहार, म्हणूनही असेल.

या लेखात तो निकाल पुराव्याच्या अंगाने वाचायचा आहे. कारण साधं आहे. आज कोर्टात सनदांऐवजी मोबाईलमधलं चित्रीकरण, कॉलच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचे संदेश जातात. माध्यम बदललं, तरी विचारले जाणारे प्रश्न जुनेच आहेत. हा कागद अस्सल आहे का? तो कोणाच्या ताब्यातून आला? त्यात नेमकं काय लिहिलंय? आणि आपल्या काळाने त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे: तो मिळवण्याचा तुम्हाला हक्क होता का?

मामला काय होता

घटनाक्रम थोडक्यात असा. २१–२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झालं, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. दमणहून कुमक पाठवायची तर पोर्तुगिजांना भारताच्या हद्दीतून जावं लागणार होतं, आणि भारताने ती वाट बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि लगेच तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा गुदरला. मागणी होती 'मार्गाच्या हक्काची': दमणपासून दादरा आणि नगर हवेलीपर्यंत आणि या दोन तुकड्यांमध्ये जाण्यायेण्याचा आम्हाला हक्क आहे, तो भारताने अडवला.

हा हक्क आला कुठून? पोर्तुगालने बोट ठेवलं ते १७ डिसेंबर १७७९ च्या, पेशव्यांशी झालेल्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदांवर. त्यांचं म्हणणं असं की मराठ्यांनी ही गावं आम्हाला सार्वभौम अधिकारासह दिली, आणि राज्य दिलं म्हणजे तिथे पोहोचण्याची वाटही ओघानेच दिली.

म्हणजे पुण्याच्या दरबारात लिहिलेल्या कागदांचा अर्थ १८० वर्षांनी हेगमध्ये लावायचा होता. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड होते. या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून भारतातर्फे महमदअली करीम छागला बसले होते. दोघेही मुंबईच्या हायकोर्टात घडलेले.

जहागीर की राज्य?

भारताने पहिला आक्षेप घेतला तो तहाच्या अस्सलपणावर. हा तह रीतसर पुरा झालाच नाही, आणि त्याचे जे मजकूर समोर आहेत ते एकमेकांशी जुळत नाहीत, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. अठराव्या शतकातल्या करारनाम्याला विसाव्या शतकाच्या दफ्तरी रीती लावू नयेत, असं न्यायालयाचं मत पडलं. मराठ्यांनी स्वतः तो तह बंधनकारक मानला होता, नंतरच्या सनदांमध्ये त्याचा उल्लेख केला होता आणि त्याप्रमाणे वागलेही होते. एका कागदाची शहानिशा दुसऱ्या कागदाने आणि प्रत्यक्ष वागणुकीने झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीचीच वाटेल.

पण कागद खरा ठरला म्हणून पोर्तुगालचा अर्थ खरा ठरला नाही. तहाच्या सतराव्या कलमाचे वेगवेगळे मजकूर न्यायालयाने तपासले. मराठ्यांचे इतर तह पाहिले. जिथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तिथे मराठे तसे स्पष्ट शब्द घालत. इथे ते नव्हते. दिलेली होती ती सालीना १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर, म्हणजेच सरंजाम. गावचा वसूल तुमचा, राज्य आमचं. अशी देणगी म्हणजे राज्यच दिलं, असा अर्थ कोणी लावल्याचं एकही उदाहरण आपल्यापुढे आलेलं नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. गावांत बंड झालं तर ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगिजांना दिला होता, पण तेवढ्याने ते मालक होत नाहीत.

महसुली मराठीतला एक शब्द, आणि त्याच्या अर्थावर दोन देश भांडत होते. जहागीर, सरंजाम, इनाम, वतन यांच्यातला फरक आपण परीक्षेपुरता पाठ करतो. त्या फरकाला काय किंमत असते ते या निकालात दिसतं.

जाण्यायेण्याच्या नोंदी

निकाल इथे संपला असता तर पोर्तुगाल साफ हरलं असतं. पण न्यायालय पुढे गेलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगिजांचा एकछत्री कारभार चालू दिसला, तो त्यांनी चालू दिला, आणि भारतानेही पुढे तो मुकाट्याने मानला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत त्या वाटेवरून कोण कसं गेलं, याच्या नोंदी आणि पत्रव्यवहार न्यायालयाने तपासला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मोकळी होती. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहानंतर तर सशस्त्र माणसांसाठी रीतसर परवानगी मागावी लागे.

यावरून न्यायालयाने ठरवलं की पोर्तुगालला हक्क होता, पण तो खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल एवढ्यापुरता. हा भाग ११ विरुद्ध ४ मतांनी ठरला. सशस्त्र दलांसाठी हक्क नव्हता. इथे मतं ८ विरुद्ध ७ अशी जेमतेम पडली. आणि १९५४ च्या तणावात भारताने वाट बंद केली त्यात आपलं कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. पुढे ११ ऑगस्ट १९६१ पासून, दहाव्या घटनादुरुस्तीने, हा मुलूख भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला.

इथे जरा थांबून बघा. तहाच्या मजकुराने जे सिद्ध झालं नाही, ते अंशतः सिद्ध झालं हालचालींच्या नोंदींनी: कोण गेलं, केव्हा गेलं, परवानगी मागितली होती का. आजच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात. संभाषणात काय बोललं गेलं ते नव्हे, तर कोणी कोणाला, केव्हा, कुठून फोन केला ही त्याची बाहेरची नोंद. ती किती बोलकी असते, हे आपल्या गावांच्याच खटल्याने दाखवून दिलं आहे.

फरक एवढाच की त्या नोंदी दोन सरकारांच्या आपापसातल्या होत्या आणि दोघांनाही माहीत होत्या. आज अथालहून सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगार बाईच्या खिशातला फोन टॉवरकडे नोंद टाकत जातो. तिने ती मागितलेली नसते आणि बहुतेक वेळा तिला ती ठाऊकही नसते.

मोर्तब आणि हॅश

कागद बदलला गेला नाही हे कसं ओळखायचं? आपल्या दफ्तरखान्यांनी याचा फार बारकाईने विचार केला होता. लांब कागद तयार करायला तुकडे एकाखाली एक चिकटवत. पाठीमागे जोडावर शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घातला तर शिक्का जुळत नसे. मजकूर संपला की खाली मोर्तब, 'लेखनसीमा' या शब्दांचं. त्याच्याखाली कोणी ओळ वाढवली तरी ती ग्राह्य नाही. आणि कागद ज्या ज्या दफ्तरातून गेला तिथे त्याची 'बार' म्हणून नोंद होई आणि तसा शेरा कागदावर पडे.

एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशनने लोकांच्या सनदा तपासल्या तेव्हा ताळा घेतला तो पुण्याच्या पेशवे दफ्तराशी. घरातली सनद कितीही देखणी असो, दफ्तरात तिचा मागमूस नसेल तर संशय यायचाच. बनावट सनदा काही कमी नव्हत्या.

संगणकातल्या फाईलला जोडावरचा शिक्का मारता येत नाही. तिथे हॅश वापरतात. फाईलमधल्या सगळ्या मजकुरावर एक गणिती प्रक्रिया केली की ठरावीक लांबीची ओळ निघते. एसएचए-२५६ या पद्धतीने ती ६४ आकडे-अक्षरांची असते. तासभराच्या चित्रीकरणात एका ठिपक्याचा रंग बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. चित्रीकरण ताब्यात घेताना ही ओळ लिहून ठेवली आणि कोर्टात पुन्हा काढली, आणि दोन्ही जुळल्या, तर मधल्या काळात फाईलला हात लागलेला नाही.

पण एक लक्षात ठेवायला हवं. फाईलमधली गोष्ट खरी आहे असं हॅश सांगत नाही. हॅश काढल्यानंतर ती बदललेली नाही, एवढंच सांगतो. मोर्तबाचंही तसंच होतं. खोट्या मजकुराखालीही खरं मोर्तब असू शकतं. म्हणून फाईल कोणी, कधी, कशावर घेतली आणि तिथून ती कोणाकोणाच्या हातातून गेली, हे माणसानेच सांगावं लागतं.

जालन्याचा खटला

भारतीय पुराव्याच्या कायद्यात २००० साली ६५-ब हे कलम आलं. संगणकीय नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र जोडा, असं ते सांगतं. पण ते सक्तीचं आहे की नाही यावर सर्वोच्च न्यायालयच पंधराएक वर्षं हेलकावे खात होतं. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात प्रमाणपत्राशिवाय चालेल असं म्हटलं, २०१४ मध्ये चालणार नाही म्हटलं, २०१८ मध्ये पुन्हा सूट दिली.

हा गोंधळ मिटला तो महाराष्ट्रातल्या एका खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही कचेरीने प्रमाणपत्र काही दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा स्पष्ट केला. मूळ यंत्रच, म्हणजे स्वतःचा मोबाईल किंवा लॅपटॉप, मालकाने साक्षीच्या वेळी हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागणारच. मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न केले आणि ज्यांच्या हातात ते होतं त्यांनीच दिलं नाही, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवता येणार नाही. गोरंट्याल यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, आणि निवडणूक रद्दच राहिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ म्हणून आली आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक फाईल देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो.

इनामदार दफ्तरातून ताळा आणू शकला नाही तर त्याचं इनाम जात असे, मग चूक दफ्तरदाराची का असेना. २०२० च्या निकालाने निदान एवढं मान्य केलं की नोंद सरकारच्या ताब्यात असताना तिच्या अभावाचा दंड नागरिकाने भरू नये. कायद्याचं राज्य म्हणतात ते यालाच, नाही का?

मिळवला कसा?

आता तो चौथा प्रश्न. पुरावा अस्सल आहे, पण चोरून मिळवलेला आहे. मग? जुनं उत्तर होतं: चालेल. १९७२ मध्ये मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी केलेलं फोनचं ध्वनिमुद्रण ग्राह्य धरलं. पुरावा प्रस्तुत असेल तर तो कसा मिळाला याने बिघडत नाही, असा तो काळ होता. १९९६ मध्ये फोन चोरून ऐकण्यावर न्यायालयाने काही बंधनं घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, योग्य कारण हवं आणि उपाय प्रमाणात हवा.

दादरा-नगर हवेलीवर ज्याचा अधिकार चालतो त्या मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये याच कसोटीवर मुंबईतल्या एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि जमवलेलं मुद्रण नष्ट करायला सांगितलं. पण वाद मिटलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घ्यायला मुभा दिली. सत्य शोधायचं की माणसाची खाजगी जागा जपायची, ही ओढाताण प्रत्येक खटल्यात नव्याने उभी राहते.

माझं मत असं की हेगचा निकाल इथेही उपयोगी पडतो. तिथे हक्क मान्य झाला, पण मर्यादेसकट: माणसं आणि माल जाऊ दे, फौज नाही. सरकारला आपल्या फोनपर्यंत येणारी वाटही अशीच असावी. कोण, कशासाठी, कोणाच्या लेखी परवानगीने, हे आधी ठरलेलं आणि नंतर तपासता येईल असं.

आपल्या मंडळापुढचं काम

हेगचा तो मुख्य निकाल वाचताना एक गोष्ट खटकते. त्यात मराठे बोलतात, पोर्तुगीज बोलतात, इंग्रज आणि भारत सरकार बोलतं. ज्या गावांबद्दल हे सगळं चाललंय तिथल्या वारली, ढोडिया, कोकणा, काथोडी माणसांचा आवाज शोधून सापडत नाही. त्यांच्याकडे सनदा नव्हत्या. जमिनीचे जे कागद पोर्तुगिजांनी दिले ते बहुतेक दुसऱ्यांच्या नावाचे.

म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर मुद्रित करण्याचं जे काम ठिकठिकाणची मंडळं करताहेत, ते मोलाचं आहे. १९५४ साली कळत्या वयाची असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली. पण हे मुद्रण करताना आपण दफ्तरदाराइतके काटेकोर असतो का? मुलाखत घेतली, व्हॉट्सॲपवर टाकली, तिथे ती दाबून लहान झाली, वेळ-जागेची नोंद पुसली गेली, मूळ फाईल जागा हवी म्हणून काढून टाकली. पाच वर्षांनी हातात उरतं ते कुठून तरी फिरत आलेलं चित्रीकरण. जोडावरचा शिक्का गेलेली सनद आणि हे, यांत फार अंतर नाही.

फार खर्चाची गोष्ट नाही ही. मूळ फाईल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवावी. तिचा हॅश काढून वहीत तारखेसह लिहावा. त्याची साधनं फुकट मिळतात. मुद्रण कोणी केलं, कुठे, कोणत्या यंत्रावर, तेही त्याच वहीत. जुने कागद इंटरनेटवर चढवताना आजच्या वारसांचे आधार क्रमांक, फोन नंबर, चालू दाव्यांचे तपशील झाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि जतनासाठी सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत. शिवाय सवलत मिळाली म्हणून माणसाला विचारायचं टळत नाही. आजीने जमिनीच्या भांडणाबद्दल, कोणी कोणाला फितूर झालं याबद्दल विश्वासाने सांगितलं असेल, तर ते जतन करायचं की जगापुढे मांडायचं, हे तिला विचारूनच ठरवावं. तिला कळेल अशा भाषेत विचारावं, मग ती वारली असो, गुजराती असो की मराठी. तिने आज हो म्हटलं आणि उद्या नको म्हटलं, तर तेही वहीत चढवावं आणि पाळावं.

१७७९ चा तह लिहिणाऱ्या कारकुनाला आपला कागद १९६० साली हेगमध्ये वाचला जाईल असं स्वप्नातही वाटलं नसेल. आपण साठवलेली फाईलही उद्या एखाद्या अभ्यासकासमोर, वारसासमोर किंवा न्यायाधीशासमोर उघडली जाईल. त्या दिवशी आपण उत्तर द्यायला हजर नसू. वही मात्र असली पाहिजे.